मुलीच्या नावावर तीन तास

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी छापत आहोत.)



विषयपत्रिकेवर माझा विषय शेवटचा आहे. कुणाला धार काढायची आहे, कुणाच्या घरी चूल पेटायची आहे, हे मला माहीत आहे. म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकते, मी काय मागायला उभी आहे ते. आपल्या गावातल्या 10 ते 18 वर्षांच्या मुलींसाठी फुटबॉल सुरू करायचा आहे. त्यासाठी तुम्ही तुमच्या मुलीला, नातीला, सुनेच्या बहिणीला आठवड्यातून तीन संध्याकाळी एकेक तास मोकळा द्यायचा. मी पैसे मागत नाही. तास मागतेय.

मला माहीत आहे की पैशापेक्षा तास देणं अवघड आहे. संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ म्हणजे पाणी भरायची, धाकट्या भावाला सांभाळायची, भाकरीचं पीठ मळायची. मुलगी तेरा-चौदाची झाली की हा तास तिच्याकडून घराकडे जातो. तिचा भाऊ त्याच वेळी मैदानावर क्रिकेट खेळत असतो. त्याला कुणी विचारत नाही की कशाला खेळतोस. मुलीला मात्र कारण सांगावं लागतं. तर आज मी ते कारण सांगणार आहे.

आधी रक्ताची गोष्ट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची 2019 ते 2021 ची पाचवी फेरी झाली. तिच्यात आपल्या महाराष्ट्रात 15 ते 19 वयाच्या शंभर मुलींपैकी साधारण 57 मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. आपल्या म्हणजे 15 ते 49 वयाच्या बायकांमध्येही शंभरातल्या 54. म्हणजे आत्ता या सतरंजीवर बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणी त्यात असू शकतात.

रक्त कमी असलं तरी ते दिसत नाही. मुलगी घरात दमली की आपण म्हणतो, आळशी आहे. अभ्यासात डोळे मिटायला लागले की म्हणतो, मोबाईल बघते. जिना चढताना धाप लागली तर म्हणतो, आत्तापासूनच म्हातारी झालीस का गं? पण हीच मुलगी मैदानावर बाकीच्या मुलींबरोबर पळायला लागली, आणि पाच मिनिटांत तिचा श्वास फुलला, ओठ पांढरे पडले, की सगळ्यांच्या नजरेत येतं. मग आशाताई तिला तपासणीला नेऊ शकतात. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे असं समजायचं. 8 च्या खाली असेल तर आधी डॉक्टर, उपचार, आणि मगच खेळ.

शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. ती किती मुली खरंच गिळतात? मळमळतं, शौच काळी होते, म्हणून खिडकीतून बाहेर जाते. शौच काळी होणं हा आजार नाही, ते गोळीतल्या लोहामुळे होतं. गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळ जास्त होते, म्हणून जेवणानंतर घ्यायची. चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांच्याबरोबर चांगलं लागतं. वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते, तीही चघळायची. जंत पोटात असतील तर नाचणी, राजगिरा, अळीव काहीही खा, त्यातला वाटा आधी जंतच घेतात.

हे सगळं आपण प्रशिक्षणात ऐकलंय. भिंतीवर पोस्टरही लावलेत. तरी गोळ्या खिडकीबाहेरच जातात. का? कारण मुलीला वाटतं, हे मॅडमचं काम आहे. पण जिला रविवारच्या सामन्यात पुढच्या पाड्याच्या मुलींच्या पुढे पळायचंय, तिला गोळी स्वतःसाठी लागते. खेळाने हा एवढाच फरक पडतो, आणि तो फार मोठा आहे.

चेंडूने धडा कसा शिकवतात

आफ्रिकेत झिम्बाब्वे नावाचा देश आहे. तिथे 2002 मध्ये काही फुटबॉलपटूंनी एचआयव्हीची माहिती मुलांना खेळातून द्यायला सुरुवात केली. त्यांचा एक खेळ मला फार आवडतो, कारण तो आपण उद्या सकाळी चपला मांडून करू शकतो.

मैदानावर ओळीने खुणा मांडायच्या. प्रत्येक खूण म्हणजे एक धोका. मुलीने पायाने चेंडू ढकलत त्यांच्यामधून वाट काढायची. पहिल्या फेरीत चेंडू खुणेला लागला तर जिची चूक तिनेच जोर काढायचे. दुसऱ्या फेरीत तिच्याबरोबर तिच्या एका मैत्रिणीनेही काढायचे. तिसऱ्या फेरीत एकीचा चेंडू लागला तर सगळ्या संघाने जोर काढायचे. मग सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि विचारायचं, एकीला धोका लागला तर शिक्षा सगळ्यांना का?

आपण आपले धोके मांडू. एक चप्पल म्हणजे उपाशीपोटी शाळेत जाणं. दुसरी म्हणजे चहाबरोबर गोळी. तिसरी म्हणजे पाळीचा कपडा अंधारात, ओलसर ठिकाणी वाळवणं. चौथी म्हणजे कुणी नकोसा हात लावला तरी गप्प बसणं. पाचवी म्हणजे अठराच्या आत लग्न. ही पाचवी चप्पल मुद्दाम सांगते. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. एका मुलीचं लग्न लागलं की तिची शाळा सुटते, लवकर बाळंतपण येतं, कमी रक्ताची आई आणि कमी वजनाचं बाळ, आणि मग आपणच गटाकडून दवाखान्यासाठी कर्ज मागतो. शिक्षा सगळ्या घराला. भाषणातून हे सांगितलं तर मुली जांभया देतात. जोर काढताना ते अंगाला समजतं.

खेडेगावातल्या मुलींनी हे करून दाखवलंय

झारखंडमध्ये रांचीजवळच्या खेड्यांत 2009 पासून 'युवा' नावाची संस्था मुलींना फुटबॉल शिकवते. तिथल्या मुली आदिवासी, गरीब घरातल्या. लवकर लग्न हीच तिथलीही रीत. 2013 मध्ये त्यांचा संघ स्पेनला स्पर्धेसाठी गेला आणि तिसरा आला. पण जायच्या आधी पासपोर्टसाठी जन्मदाखला हवा होता. दाखला मागायला गेलेल्या मुलींना पंचायत कार्यालयात झाडू मारायला लावला, थप्पड मारली, असं त्यांनी सांगितलेलं तेव्हा वर्तमानपत्रांतून आलं होतं. तरी त्या हटल्या नाहीत, दाखले घेतले आणि गेल्या. मला त्यांच्या तिसऱ्या क्रमांकापेक्षा दाखल्याची गोष्ट मोठी वाटते. कार्यालयात जाऊन आपला कागद मागणं, नाही म्हटल्यावर परत जाणं, हे किती अवघड असतं ते बँकेत खातं उघडताना आपण सगळ्यांनी भोगलंय. आपण दहा जणी मिळून गेलो म्हणून खातं उघडलं. त्या मुलीही संघ म्हणून गेल्या.

केनियाच्या किनाऱ्यावर किलिफी नावाचा भाग आहे. तिथे 2001 पासून मुलींचा फुटबॉल चालतो, आणि त्याच्याच जोडीने पाळी, गर्भधारणा, शरीर यांची माहिती दिली जाते. तिथे मुलीच पंच होतात, मुलीच प्रशिक्षक होतात, थोड्या मोठ्या मुली धाकट्यांना आरोग्याचे धडे देतात. आपल्या गटातून सीआरपी ताई तयार होते, तसंच ते.

आपल्या नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवलं. त्यांच्या कामावरचा 'झुंड' सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी मोबाईलवर पाहिला असेल.

आणि 2022 मध्ये 17 वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आपल्या देशात झाला. भुवनेश्वर, गोव्यात मडगाव आणि नवी मुंबई इथे सामने झाले. भारताची कप्तान होती अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी. भारत तिन्ही सामने हरला. पहिल्या सामन्यात अमेरिकेकडून आठ गोल झाले. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मी कुणाला पदकाची आशा दाखवायला आलेली नाही. आपली मुलगी देशासाठी खेळेलच असं नाही. ती धडधाकट राहावी, बारावी करावी, आणि 'मला हे नको' असं म्हणता यावं, एवढ्यासाठी खेळायचंय.

तुमचे प्रश्न

घरोघरी बोलताना मला जे प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरं देते. काही प्रश्न तुम्ही माझ्या कानात विचारले होते. ते मी सगळ्यांसमोर सांगतेय, राग मानू नका.

पळाल्याने गर्भपिशवी सरकते का? नाही. पिशवी ओटीपोटात स्नायूंच्या आधाराने सुरक्षित असते. पळण्याने तिला काही होत नाही. पिशवी खाली येते ती बहुतेक वेळा लागोपाठच्या बाळंतपणांनी, वर्षानुवर्षं जड ओझी उचलल्याने आणि वय झाल्यावर. म्हणजे मुलीच्या डोक्यावरचे दोन हंडे आपल्याला चालतात, चेंडू चालत नाही, असं नको व्हायला.

पाळीत खेळायचं का? मुलीला बरं वाटत असेल तर खेळावं. हालचालीने कितीतरी जणींचं पोट दुखायचं थांबतं. फार दुखत असेल तर बसावं, बसल्या बसल्या पटावर हजेरी मांडावी. पॅड किंवा कपडा चार ते सहा तासांनी बदलावा. कपडा साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल किंवा सात-आठ दिवसांपेक्षा जास्त जात असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं. आपल्या जवळचं कुठलं, ते आशाताईंना विचारा.

लग्नाच्या वेळी काही अडचण येईल का? हा प्रश्न पडद्याबद्दल आहे, आपण सरळ बोलू. तो पडदा प्रत्येक मुलीचा वेगळा असतो. काहींचा जन्मतःच अगदी थोडा असतो. सायकल, खेळ यांनी तो ताणू शकतो. त्यावरून मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही, कुठलाही डॉक्टर ते सांगू शकत नाही. जो माणूस यावरून मुलीची किंमत करतो, त्याच्या घरात मुलगी द्यायची का, याचा विचार आपण करायचा.

हाफ पँट घालावी लागेल का? नाही. सलवार, ट्रॅक पँट, लेगिंग, जे घरातून चालेल ते. ओढणी मात्र खेळताना काढून ठेवायची, कारण ती अडकून इजा होते.

मुलींना कबड्डी, खो-खो असताना फुटबॉलच का? कबड्डी, खो-खो खेळत असतील तर तेही चालू द्या. फुटबॉलचं बरं असं की एका चेंडूवर वीस मुली खेळतात. गावात कुणालाच तो येत नाही, त्यामुळे सगळ्या जणी शून्यापासून सुरू करतात, कुणी हसत नाही. जाड मुलगी, लाजरी मुलगी, उशिरा आलेली मुलगी, सगळ्यांना जागा असते.

आणि 'बायकांना शोभतं का' म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगा. पहिली, इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या वेळी तोफगोळ्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांनी संघ काढला होता. सामन्यांतून इस्पितळांसाठी पैसे जमवायच्या. 1920 च्या डिसेंबरात लिव्हरपूलला त्यांचा सामना बघायला 53 हजार लोक आले. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने ठरवलं की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि आपल्या मैदानांवर बायकांना बंदी केली. ती बंदी जवळपास 50 वर्षं टिकली. म्हणजे 'शोभत नाही' हे वाक्य आपल्याच गावचं नाही, ते विलायतेतही म्हणून झालंय आणि तिथे ते मागेही घेतलंय. दुसरी गोष्ट, मंगळागौरीला आपल्या आज्ज्या रात्रभर फुगड्या घालायच्या, झिम्मा खेळायच्या, पिंगा घालायच्या. तेव्हा कुणाची पिशवी सरकली नाही.

पंचसूत्री मुलींचीही

आपला गट का टिकला? पंचसूत्रीमुळे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. दशसूत्रीत पुढे आरोग्य आणि शिक्षणही आहे, पण तिथवर आपण फारसं पोचत नाही. बैठकीत वसुली झाली की घड्याळ बघतो.

मुलींच्या संघाला आपण अशीच शिस्त लावू. ठरलेले तीन दिवस, ठरलेली वेळ. हजेरीचा पट मुलीच ठेवतील. चाळीस मिनिटं खेळ, वीस मिनिटं गोल करून बसून आरोग्याचा एक विषय. दर महिन्याला कप्तान बदलेल, म्हणजे प्रत्येकीला चार लोकांसमोर बोलायची वेळ येईल. ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलगी चार-सहा महिन्यांनी परत आली, तर तिचं नाव पटावर तसंच असेल.

एक मुलगी तीन वेळा आली नाही, तर कप्तान आणि अजून दोघी तिच्या घरी जाऊन विचारतील. आपल्या गटातली बाई सलग बैठकीला आली नाही की आपण तिच्या दारात जातोच ना? या एका सवयीमुळे ठरलेलं लग्न आधी कळतं, आजार आधी कळतो, घरातली मारहाण कळते. लग्नाची कुणकुण लागली तर बाल संरक्षणाचा 1098 क्रमांक आहे, ग्रामपंचायत अधिकारी आहेत, अंगणवाडी ताई आहेत. पण आधी कळलं तरच फोन होईल.

सांभाळायच्या गोष्टी

मैदानावर प्रत्येक वेळी गटातल्या दोन बायका हजर हव्यात. पाळ्या लावू, एकीची पाळी महिन्यातून एकदाच येईल. शिकवणारा पुरुष असेल तर तो कधीही एकट्या मुलीबरोबर थांबणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर वाचायचा.

खेळायच्या आधी, मध्ये आणि नंतर पाणी. खेळून झाल्यावर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, जमलं तर केळं. सिकलसेल असलेल्या मुलीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नये आणि लोहाची गोळीही स्वतःहून घेऊ नये. ज्यांची तपासणी झालेली नाही, त्यांची आधी करून घेऊ. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलीचंही तसंच.

या महिन्यात काय करायचं

पहिलं, प्रत्येक गटाने आपल्या घरातल्या 10 ते 18 वयाच्या मुलींची यादी द्यावी. शाळा सुटलेल्या मुलींची नावं आधी लिहा, त्याच नेमक्या राहून जातात.

दुसरं, शाळेच्या मैदानासाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज द्यायचा. अर्ज ग्रामसंघाच्या लेटरहेडवर, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने.

तिसरं, ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे हा विषय मांडून ठराव घ्यायचा. दोन चेंडू, एक पंप, एक प्रथमोपचार पेटी, एवढंच मागायचं. गोलसाठी बांबू आपल्याकडेच आहेत. दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलींना 4 नंबरचा चेंडू लागतो, मोठ्यांना 5 नंबरचा.

चौथं, आणि हेच माझं मुख्य मागणं. आज घरी गेल्यावर त्या तीन तासांचं काम कोण करणार ते ठरवा. मुलगी एक तास मैदानावर गेली तर हंडा आपोआप भरत नाही. तो तिच्या आईनेच जास्तीचा भरायचा असेल, तर हा खेळ दोन महिन्यांत बंद पडेल, आणि त्यात आईचा काही दोष नसेल. म्हणून भाऊ भरेल, वडील भरतील, शेजारणी आलटूनपालटून लहान मुलं सांभाळतील, काहीतरी नीट ठरवा. घरात बोलणं जमत नसेल तर मला हाक मारा, मी येईन. सासूबाईंशीही बोलेन, भाऊंशीही बोलेन.

आपण गटात आल्यावर पहिल्यांदा आपल्या नावावर पासबुक झालं, तेव्हा त्यात शंभर-दोनशे रुपयेच होते. तरी कितीतरी जणींनी ते ट्रंकेत साड्यांच्या खाली जपून ठेवलं. रक्कम छोटी होती, पण नाव आपलं होतं. मुलीच्या नावावर आठवड्यातले तीन तास असू द्या. त्यात ती पळेल, पडेल, उठेल, आपल्या शरीराबद्दल न लाजता विचारेल.

यादी पुढच्या बैठकीच्या आधी सीआरपी ताईंकडे द्या. मैदानावर पहिल्या दिवशी कोणत्या दोघी थांबणार, त्यांनी आत्ताच हात वर करा, म्हणजे मी नावं लिहून घेते.